बत्तीस बिटचं म्हातारं नेटबुक चालतं ठेवायचं असेल तर

आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक रिटायर्ड काका आहेत, त्यांच्याकडे २००९ सालचं दहा इंची नेटबुक आहे, ॲटम एन२७० वालं (म्हणजे ३२ बिट प्रोसेसर), रॅम १ जीबी. त्यावर ते सोसायटीची पत्रं टाइप करतात, मेंटेनन्सचा हिशोब ठेवतात आणि संध्याकाळी नाट्यगीतं लावतात, बास. मीच त्यावर डेबियन १२ (डेबियन ही लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार केलेली लिनक्स सिस्टिम; १२ चं नाव बुकवर्म, १३ चं ट्रिक्सी) टाकून दिलेलं, मस्त चाललेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि मी सवयीने सोर्सेसच्या फाइलीत (सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं ते पत्ते असतात ती) बुकवर्म खोडून ट्रिक्सी लिहिलं, फुल-अपग्रेड मारलं आणि काकूंनी केलेले पोहे खात बसलो. बराच वेळ चाललं, पण एरर एक नाही, रीस्टार्ट केलं तर चालू पण झालं. मग सहज कर्नल (सिस्टिमचा गाभा, हार्डवेअरशी बोलणारा) बघितला तर तो ६.१ च, जुनाच. तेव्हा कुठे रिलीज नोट्स उघडल्या (उलटा क्रम, माहितीये) तर त्यात साफ लिहिलेलं की आय३८६ (३२ बिट पीसीला डेबियनमध्ये हे नाव) वाल्यांनी ट्रिक्सीवर जाऊ नये, कारण ३२ बिट पीसीसाठी आता कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही, जी काय आय३८६ पॅकेजेस उरलीत ती ६४ बिट मशीनवर एखादं जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर चालवायला. म्हणजे वरचे मजले नवे आणि पाया जुनाच, आणि त्या पायाची डागडुजी इथून पुढे कोणी करणार नाही.

डेबियनमध्ये उलटं खाली उतरायची अधिकृत सोय नसते, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून डेबियन १२ टाकावं लागलं, आणि त्यात वायफाय मेलं, त्याची गंमत पुढे सांगतो. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. हार्डवेअरचा सपोर्ट संपायला लागला की अपग्रेडच्या मागे धावायचं नाही, आहे ते गोठवायचं, आणि गोठवायच्या आधी लागणारी सगळी साठवण करून ठेवायची, उन्हाळ्यात पापड-कुरडया करून ठेवतात ना तशी. फक्त जे नेटला लागतं तेवढं ताजं ठेवायचं. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

कमांडा इथे उच्चारतात तशा लिहिल्यात, टाइप करताना अर्थात छोटी इंग्रजी अक्षरं.

पहिलं काम, मशीन खरंच ३२ बिट आहे का बघा

हे हसण्यावारी नेऊ नका. नारायण पेठेत एका अभ्यासिकेत सहा डेस्कटॉप मी सांभाळतो, स्पर्धा परीक्षावाली मुलं पीडीएफ वाचायला आणि टेस्ट सोडवायला वापरतात. तिथल्या दादांचा फोन आला की आता आपले पीसी बाद होणार म्हणे. जाऊन बघतो तर सहाच्या सहा पेंटियम ड्युअल-कोर, म्हणजे ६४ बिटच, पण कधीकाळी कोणीतरी "रॅम २ जीबीच आहे ना, मग ३२ बिट टाक" म्हणून ३२ बिट टाकून गेलेलं. हा समज पुण्यात फार पसरलाय. २ जीबी रॅमवर ६४ बिट चालतं, थोडी रॅम जास्त खातं एवढंच.

टर्मिनलमध्ये एलएससीपीयू टाका. वरच्या दोनतीन ओळींत सीपीयू ऑप-मोड्स असं येतं, तिथे ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही लिहिलेलं असेल तर सीपीयू ६४ बिट आहे, आत्ता काय इन्स्टॉल आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त ३२-बिट एवढंच असेल तर तुम्ही माझ्या पंगतीत. ढोबळ मानाने सांगायचं तर पेंटियम एम, पहिला कोअर ड्युओ, ॲटम एन२७० आणि एन२८० हे ३२ बिट. कोअर टू ड्युओ पासून पुढचे ६४ बिट, नेटबुकमधला एन४५० सुद्धा ६४. पेंटियम ४ मध्ये घोळ आहे, शेवटच्या काळातले काही ६४ आहेत आणि आधीचे नाहीत, तिथे कमांडवरच विश्वास ठेवा, दुकानदाराच्या स्टिकरवर नको.

६४ निघालं तर होम फोल्डरची कॉपी घ्या, ६४ बिटवालं ताजं इन्स्टॉल करा, विषय संपला. चालू सिस्टिमलाच ३२ ची ६४ करायच्या युक्त्या लोक सांगतात, त्याच्या वाटेला जाऊ नका, एक अख्खा रविवार जातो आणि शेवटी ताजंच टाकावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० संपलं तेव्हापासून जे लॅपटॉप माझ्याकडे येतायत ते जवळजवळ सगळे ६४ बिटच असतात, त्यांच्यासाठी हे पुढचं पुराण नाही.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय संपलं

लोक एकच वाक्य म्हणतात पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. कर्नल ही एक. लिनक्सचा कर्नल अजून ३२ बिटवर चालतो, त्यातून खुद्द ३८६ ची चिप काढली ती २०१३ साली आलेल्या ३.८ मध्ये, आणि त्यावर कोणी फार रडलं नाही. दुसरी डिस्ट्रो, ती आधी हात वर करते, कारण हजारो पॅकेजेस प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या जातीसाठी) बांधायची, तपासायची, आणि तपासायला माणूस पाहिजे ज्याच्याकडे ते मशीन आहे. उबुंटूने १९.१० ला ३२ बिट सोडलं, आर्चने २०१७ लाच सोडलं (मग काही लोकांनी आर्च लिनक्स ३२ म्हणून वेगळी चूल मांडली), मिंटची १९.३ ही उबुंटूवरची शेवटची ३२ बिट, आणि आता डेबियन.

तिसरी म्हणजे ब्राउझर, आणि खरं मरण तिथे आहे. ३२ बिट प्रोसेसला ४ जीबीच्या पलीकडे मेमरीचा पत्ताच सांगता येत नाही, आणि आजकालचा ब्राउझर कंपाइल करताना लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं टूल) तेवढ्यात मावत नाही, म्हणजे चालवायचं राहू द्या, बांधायलाच जड झालंय. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट मार्च २०१६ मध्येच बंद केलं. फायरफॉक्सचं १४४ हे मोझिलाने ३२ बिट लिनक्ससाठी दिलेलं शेवटचं, १४५ पासून नाही. १४० ची ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती आहे तिला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट देऊ असं त्यांनी सांगितलंय.

मग टाकायचं काय

माझं मत विचाराल तर डेबियन १२ च्या पायावरचं काहीतरी. बुकवर्मची एलटीएसची (लांबवलेल्या सपोर्टची) मुदत ३० जून २०२८ पर्यंत आहे (नेहमीचा सिक्युरिटी सपोर्ट संपल्यावर एलटीएसमध्ये कुठली आर्किटेक्चरं घेतलीत ती यादी त्यांच्या विकीवर असते, आपलं त्यात आहे ना तेवढं बघून घ्या). या पायावर अँटिक्स २३ आहे, एमएक्स २३ आहे, बनसेनलॅब्जचं बोरॉन आहे. एमएक्स चांगलं पण १ जीबी रॅमला थोडं जड, आणि पुढच्या एमएक्स २५ मध्ये त्यांनीही ३२ बिट सोडलं. मी काकांच्या नेटबुकवर आता अँटिक्स टाकलंय, त्यात सिस्टिमडी (मशीन सुरू होताना बाकीच्या सेवा उठवणारा प्रोग्राम) नाही, डेस्कटॉप म्हणजे नुसता आइसडब्ल्यूएम (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम), चालू झाल्यावर दोनशे एमबीच्या आतबाहेर रॅम खातं.

पपी लिनक्स पण आहे, बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं, सगळं रॅममध्ये चढवून चालतं त्यामुळे मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर भारी, पण त्याची पॅकेजची तऱ्हा वेगळी, घरातल्या मोठ्यांना देणार असाल तर फोन तुम्हालाच येणार. व्हॉइड, अल्पाइन, स्लॅकवेअर यांच्याकडेही ३२ बिट आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर बघावं, मी काकांच्या मशीनवर हौस करत नाही.

पेंटियम एम वाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. यातले काही सीपीयू पीएई (मेमरीची एक सोय) येत असूनही येत नाही असं सांगतात, मग इन्स्टॉलर सुरुवातीलाच रुसतो. बूटच्या ओळीत शेवटी फोर्सपीएई असं एक शब्दात लिहायचं, बहुतेक वेळा उठून बसतं. नाहीच तर डेबियन १२ मध्ये पीएई नसलेला ६८६ कर्नल पण आहे. अगदी जुने ॲथलॉन एक्सपी वगैरे असतील तर त्यात एसएसई२ (सीपीयूच्या सूचनांचा एक संच) नाही आणि फायरफॉक्स त्याशिवाय चालत नाही, ते मशीन आता नेटसाठी नाही असंच धरून चला.

साठवण

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही, कारण आत्ता सगळं नेटवर मिळतंय ना मग कशाला.

काकांच्या वायफायची गोष्ट ऐका. त्या नेटबुकमध्ये ब्रॉडकॉमची चिप आहे, तिला बी४३ नावाचा ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो पण फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) नसतं. त्यासाठी एक इन्स्टॉलर पॅकेज असतं. मी शहाण्यासारखं ते पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेलं, म्हणलं झालं. इन्स्टॉल केलं तर ते म्हणतं थांब, फर्मवेअर नेटवरून उतरवतो. म्हणजे नेट यायला वायफाय पाहिजे, वायफायला फर्मवेअर पाहिजे आणि फर्मवेअरला नेट. लॅनचा पोर्ट काकांच्या नातवाने कधीच वाकवून ठेवलाय. शेवटी फोन यूएसबी केबलने लावून टेदरिंग चालू केलं, ते वायरवाल्या नेटसारखं दिसतं, त्याला फर्मवेअर लागत नाही, आणि सुटलो. ही टेदरिंगची युक्ती लक्षात ठेवा, फार ठिकाणी वाचवते. पण धडा असा की नुसतं पॅकेज ठेवून भागत नाही, चालू मशीनवरच्या लिब फोल्डरमध्ये फर्मवेअर नावाचा फोल्डर असतो तो आख्खा उचलून ठेवा. ज्या पॅकेजच्या नावात शेवटी इन्स्टॉलर असतं त्या सगळ्यांकडे संशयाने बघा, त्यांच्या पोटात माल नसतो, नुसती चिठ्ठी असते.

आता पॅकेजेस. एपीटी आणि एपीटी-गेट या पॅकेजेस टाकायच्या दोन कमांडांमध्ये एक फरक आहे जो मला कित्येक वर्षं माहीत नव्हता. एपीटी-गेटने इन्स्टॉल केलं की उतरवलेल्या डेब फाइली (डेबियनची पॅकेजेस या रूपात येतात) वार मधल्या कॅश, त्यातल्या एपीटी, त्यातल्या आर्काइव्हज या फोल्डरमध्ये राहतात. नुसत्या एपीटीने केलं तर काम झालं की ती फाइल पुसून टाकते. म्हणून जुन्या मशीनवर कायम एपीटी-गेट वापरा आणि क्लीन कधी मारू नका. आधीच पुसल्या गेल्या असतील तर इन्स्टॉल असलेल्या पॅकेजची यादी काढून री-इन्स्टॉल आणि डाउनलोड-ओन्ली हे दोन पर्याय एकत्र देऊन पुन्हा उतरवून घ्या, इन्स्टॉल काही होत नाही, फाइली फक्त येऊन पडतात. आणि उद्या सर्व्हरवरच ते पॅकेज नसेल तर डीपीकेजी-रीपॅक नावाची कमांड आहे, ती इन्स्टॉल झालेल्या पॅकेजची परत डेब फाइल बांधून देते. तुम्ही बदललेल्या सेटिंगसकट देते, ते ध्यानात असू द्या.

या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करून डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस चालवायचं (डीपीकेजी-डेव्ह मध्ये मिळतं), त्याने पॅकेजेस नावाची एक अनुक्रमणिका तयार होते, आणि सोर्सेसच्या यादीत या फोल्डरचा पत्ता टाकायचा, शेजारी चौकटी कंसात ट्रस्टेड बरोबर यस, कारण याच्यावर कोणाची सही नाही, आपलीच आहे. झालं, तुमचं स्वतःचं छोटं रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजचं कोठार. काकांच्या मशीनची सगळी पॅकेजेस मिळून दीड जीबीच्या आत बसली, १६ जीबीच्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात.

मशीनं जास्त असतील तर एपीटी-कॅशर-एनजी लावा. अभ्यासिकेत एका पीसीवर तेच आहे, बाकीचे पाच त्याच्याकडून घेतात, पोर्ट ३१४२. एकदा उतरलेलं पुन्हा नेटवरून येत नाही आणि त्याच्या कॅशमध्ये आपोआप साठवण पण होत राहते. आख्खं डेबियनच घरी पाहिजे असेल तर डेबमिरर आहे, एकच आवृत्ती आणि एकच आर्किटेक्चर घेतलं तर ५०० जीबीची जुनी डिस्क भरपूर होते. फक्त मोठं डाउनलोड गुरुवारी लावू नका, आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको, पण मी बुधवारी रात्री लावून झोपलो होतो.

मुदत संपल्यावर डेबियनची जुनी आवृत्ती हटते आणि आर्काइव्हच्या सर्व्हरवर जाते, त्यामुळे एक दिवस अपडेट मारलं की सगळं ४०४. घाबरायचं नाही, पत्ता बदलायचा. तिथे दोन अडथळे येतात. सिक्युरिटी वगैरेच्या रिलीज फाइलीवर मुदत छापलेली असते, दुधाच्या पिशवीवर असते तशी, ती उलटली की एपीटी घ्यायला नकार देतं. सोर्सच्या ओळीत चौकटी कंसात चेक-व्हॅलिड-अन्टिल बरोबर नो लिहिलं की घेतं. दुसरं म्हणजे सही करणाऱ्या चाव्या पण कालांतराने एक्स्पायर होतात, म्हणून डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग हे पॅकेज सपोर्ट चालू आहे तोवर ताजं करून ठेवा. आणि स्नॅपशॉट म्हणून डेबियनचा एक सर्व्हर आहे, तिथे २००५ पासूनचं आर्काइव्ह तारखेनुसार ठेवलंय, अमुक दिवशी डेबियन जसं होतं तसं मिळतं. एखादं पॅकेज बिघडलं आणि आधीचं पाहिजे असेल तर सोन्याची खाण आहे.

शेवटी आख्ख्या सिस्टिमचा फोटो. अँटिक्समध्ये आयएसओ-स्नॅपशॉट (एमएक्समध्ये एमएक्स स्नॅपशॉट) नावाचं टूल आहे, चालू सिस्टिमची बूट होणारी आयएसओ बनवतं, तुमचे फॉन्ट, सेटिंग, वायफायचं फर्मवेअर, सगळ्यासकट. दोन प्रकारे बनते, एकात युजर आणि पासवर्डसकट, दुसऱ्यात ते काढून. स्वतःसाठी पहिला, कोणाला देणार असाल तर दुसरा, हे उलटं करू नका म्हणजे झालं. काकांच्या नेटबुकच्या त्या घोळानंतर मी आधी हेच केलं. दोन पेनड्राइव्ह, आणि शेजारी एसएचए२५६ चा आकडा (फाइल बिघडली नाही ना ते ताडायला) एका टेक्स्ट फाइलीत.

कर्नल

मशीन नीट चालवणारा कर्नल सापडला की त्याला हात लावू नका, निदान एकटा तरी ठेवू नका. ग्रबच्या (चालू करताना येणाऱ्या बूट मेनूच्या) यादीत कायम दोन कर्नल असावेत, एक अपडेट होणारा आणि एक तुमच्या भरवशाचा. भरवशाच्याला एपीटी-मार्क होल्ड लावा म्हणजे ऑटोरिमूव्हमध्ये तो साफ होणार नाही. मी एकदा जागा नाही म्हणून जुना काढला आणि नव्यात स्क्रीनचा ब्राइटनेस कमीच होईना, काका आठवडाभर गॉगल लावून बसल्यासारखं बघत होते.

ग्राफिक्सचं पण यातच येतं. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर कंपनीच्या ३४० किंवा ३९० ड्रायव्हरच्या मागे लागू नका, दोन्हीचा सपोर्ट केव्हाच संपलाय आणि नव्या कर्नलशी ते भांडतात, नूवो हा खुला ड्रायव्हर वापरा. मेसाने (लिनक्सवरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) २२.० मध्ये फार जुने ड्रायव्हर काढून ॲम्बर नावाच्या वेगळ्या फांदीत ठेवलेत, पण नेटबुकमधलं इंटेल ९४५ त्यात गेलं नाही, ते अजून मुख्य मेसात आहे.

हौस असेल तर स्वतःचा कर्नल बांधा, पण ॲटमवर बांधू नका, रात्र जाते आणि सकाळी एरर असते. कुठल्याही ६४ बिट मशीनवर मेक ला आर्च बरोबर आय३८६ सांगून बांधता येतो, बाइनडेब-पीकेजी दिलं की थेट डेब फाइल मिळते. त्याआधी जुन्या मशीनवर लोकलमॉडकॉन्फिग चालवलं (किंवा तिथली एलएसमॉडची यादी इकडे आणून दिली) की आत्ता जे मॉड्यूल (कर्नलचे ड्रायव्हर वगैरे तुकडे) चालू आहेत तेवढेच ठेवतं, कर्नल एकदम सडपातळ होतो. इथे फसगत अशी की त्या क्षणी जे जोडलेलं नाही ते त्याला माहीतच नसतं. म्हणून आधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, हेडफोन, घरात जे काय आहे ते सगळं एकदा लावून घ्या. मी प्रिंटर विसरलो होतो.

एक गोष्ट बरेच जण सांगतात की मिटिगेशन्स (मेल्टडाउन-स्पेक्टर या सीपीयूमधल्या सुरक्षेच्या भोकांवरची ठिगळं) ऑफ करा, मशीन पळतं. जुन्या इन-ऑर्डर (सूचना क्रमानेच चालवणाऱ्या) ॲटमला मेल्टडाउन-स्पेक्टर लागूच नाहीत, त्यामुळे तिथे काही फरक पडत नाही. कोअर टू ड्युओवर पडतो, पण ते मशीन नेटवर असेल तर राहू द्या चालू.

नेट आणि ब्राउझर

इथे मी कडक आहे. काकांना सांगितलंय की बँक, आधार, पेन्शनचं काहीही या नेटबुकवर नाही, ते फोनवर. काका म्हणाले "अरे पण स्क्रीन मोठी आहे ना". म्हणलं काका, दार मोठं आहे पण कडी गंजलीये. तेव्हा पटलं.

बाकी वाचायला फायरफॉक्स ईएसआर, डेबियनच्या रिपॉझिटरीतूनच, अपडेट येतायत तोवर. एका वेळी दोन टॅब, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन असलंच पाहिजे, १ जीबी रॅमवर ब्राउझरला त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. साधी पानं असतील तर डिलो किंवा नेटसर्फ. व्हिडिओ ब्राउझरमध्ये बघायचेच नाहीत, वायटी-डीएलपीने ३६० किंवा ४८० मध्ये उतरवून एमपीव्हीत लावायचे, नाट्यगीतं तशीच लागतात. घरात एखादं बरं मशीन असेल तर त्याच्यावर ब्राउझर चालवून इथे नुसतं व्हीएनसीने बघायचं, नेटबुकचा कीबोर्ड आणि स्क्रीन तेवढी वापरायची.

साइट उघडत नाही, सर्टिफिकेटची एरर येते, अशी तक्रार आली की ब्राउझरला शिव्या द्यायच्या आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. सीमॉसची बॅटरी मेली की घड्याळ मशीनच्या जन्माच्या आसपास जाऊन बसतं आणि मग आजचं प्रत्येक सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटतं. एपीटी पण रुसतं, रिलीज फाइल अजून लागू नाही म्हणतं. सीआर२०३२ सेल, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कुठेही मिळतो, नेटबुकात बहुधा वायर लावलेला असतो तसा मागा. तारीख बरोबर असूनही एरर असेल तर सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज जुनं झालंय. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साइट्सना आधार देणारं एक जुनं रूट सर्टिफिकेट संपलं तेव्हा जगभरची जुनी मशीनं अशीच आंधळी झालेली. बाकी सगळं गोठवा, हे एक पॅकेज गोठवू नका, ते आर्किटेक्चरचं नसतंच, पुढच्या डेबियनमधली डेब फाइल आणून टाकली तरी चालते.

रॅम, डिस्क, मराठी

एन२७० च्या चिपसेटला २ जीबीपेक्षा जास्त रॅम कळत नाही. १ ची २ करा, डीडीआर२ लॅपटॉपची स्टिक बुधवार पेठेत जुनी मिळते, तिथेच मेमटेस्ट लावून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. झेडरॅम-टूल्स टाका, त्याच्या फाइलीत परसेंट ५० करा, रॅममध्येच दाबून स्वॅप ठेवतं. साटावाला एसएसडी बसत असेल तर बसवा, एकूण मशीनला याहून मोठा फरक कशानेच पडत नाही.

मराठी टायपिंगचं मात्र सांगतो कारण हे कोणी लिहीत नाही. आइसडब्ल्यूएममध्ये आयबस (इतर भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) आपोआप चालू होत नाही, त्याला स्टार्टअपच्या फाइलीत टाकावं लागतं. काका इन्स्क्रिप्टवाले आहेत, त्यांना आयबस लागतच नाही, सेटएक्सकेबीमॅपने इंडियन लेआउट जोडला आणि दोन्ही शिफ्ट एकदम दाबली की भाषा बदलते, रॅम शून्य. रोमनमधून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन घ्या. फॉन्टला लोहित देवनागरी ठेवा, आणि टाकल्यावर "दुसऱ्या" आणि "वाऱ्यावर" हे दोन शब्द टाइप करून बघा, र नीट आला तर फॉन्ट पास.

३२ बिटचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला उलटणार आहे. डेबियनने बाकी ३२ बिट आर्किटेक्चरवर वेळ ६४ बिटची करून घेतली पण आय३८६ ला मुद्दाम वगळलं, जुनी प्रोग्रामं चालत राहावीत म्हणून. काकांना हे सांगितलं तर म्हणाले तोवर मी ब्याण्णव वर्षांचा असेन, तू तुझं बघ.

पेनड्राइव्ह ठेवून दिला की झालं असं नसतं, तो पडून पडून पण मरतो. मी खंडेनवमीला हत्यारं पुजतो तेव्हा त्याच दिवशी दोन्ही पेनड्राइव्ह काढून नेटबुक त्यावरून बूट करून बघतो, एसएचएचा आकडा जुळवतो आणि नवीन आयएसओ घेतो. गेल्या वेळी त्यातला एक ओळखलाच गेला नाही, दुसरा चालला. त्याच संध्याकाळी तिसरा आणला, आता तो काकूंच्या कपाटात साड्यांखाली आहे, वर कागद चिकटवलाय, "नेटबुक, फॉरमॅट करू नये".